दरसाल एक तास

आमच्याकडं नांगराच्या एका ओळीला तास म्हणतात. शहरातला वाचक घड्याळ समजेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. बैलाच्या नांगराचा एक तास म्हणजे वीतभर रुंदीची माती, जास्त नाही. त्या वीतभर मातीविषयी मला लिहायचं आहे, पण त्याआधी ग्रामसभेत काय झालं ते सांगावं लागेल.

यंदा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या तरुण सरपंचानं एक विषय मांडला. गावातून गंगेकडं पांदण जाते. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि सरकार जिला पाणंद लिहितं तिला पांदण. तर या पांदणीच्या कडेनं शेवटपर्यंत पायी चालायला वेगळी पट्टी करावी, झाडं लावावीत, मधे दोन-तीन जागी बसायला ओटे बांधावेत, असा तो विषय होता. काठावर महादेवाचं जुनं देऊळ आहे. ते 'क' वर्ग तीर्थक्षेत्रात बसवलं तर जिल्हा नियोजनातून पैसा मिळू शकतो, असं त्याचं म्हणणं. गंगाखेडहून, परभणीहून रविवारी माणसं यायला लागलीत. पालम तालुक्यात जांभूळबेटावर जशी जातात तशी इथंही येतील. आणि गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही सकाळ-संध्याकाळ फिरायला होईल.

मी उठलो. गावात माझं थोडंफार ऐकतात. दहावी झालेला, चार अक्षरं लिहिणारा, वय सहासष्ट. मी म्हणालो, "फिरायला कशाला पैसे लागतात? देवानं पाय दिलेत, फिरा की. इथं पाऊस पडला की सोयाबीनचे कट्टे रानात भिजतात, ऊस उभा वाळतो, ट्रॅक्टर रुततो. आधी पांदणीवर खडीचा दुसरा थर टाका. शहरवाल्यांच्या पोटाची चरबी उतरवायला आमच्या गावाचा निधी कामून?"

टाळ्या पडल्या. विषय मागं पडला. घरी आलो तर बायको चहा देता देता म्हणाली, "मग मामी रोज कुठं जात व्हत्या? कोणतं काम व्हतं त्यांना पांदीला?"

मामी म्हणजे माझी माय. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

माय रोज दिवस मावळायच्या आधी पांदणीनं जायची. शेवटाला, गंगेच्या उताराच्या अलीकडं, लिंबाखाली म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. तिथवर जायची, हात जोडायची, थोडं टेकायची आणि अंधार पडायच्या आत घरी. जाताना हातात खुरपं असायचं. लहानपणी मला वाटायचं, माय निंदायला जाते. मोठा झाल्यावर लक्षात आलं की खुरप्याला माती लागलेली नसायची. कुणी विचारलं, "कुठं निघाल्या व्हयनी?" तर खुरपं दाखवायचं. बाईमाणूस काम नसताना रस्त्यानं चाललंय म्हणलं की गावाला उत्तर द्यावं लागतं. खुरपं हे तिचं उत्तर होतं.

तिच्या आयुष्यात मजा अशी दुसरी नव्हती. एकदा पंढरपूर, दोनदा जनाबाईच्या गंगाखेडला, बाकी सगळं आयुष्य चूल, रान आणि आखाडा. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला होती. तेव्हा मी तेरा वर्षांचा. तिच्याबरोबर मीही जायचो, सुकडी मिळायची म्हणून. आमच्या गावाला डांबरीपासून जोडणारा रस्ता त्या दुष्काळी कामावर झाला. आज त्यावरून एसटी येते. माय म्हणायची, "हा रस्ता माह्या हातचा हाय." पण त्या रस्त्यानं ती कधी सहज म्हणून गेली नाही. त्या रस्त्यावर तिला उन्हाची आणि मुकादमाची आठवण येत असावी. पांदणीवर मात्र ती मोकळी चालायची. दोन्ही बाजूला बोराटी, हिवर, बाभळी, घाणेरीची झुडपं. चातकाचा आवाज आला की ती थांबून ऐकायची, हे मी स्वतः बघितलंय. आम्ही त्याला फिरणं म्हणत नव्हतो, एवढंच. फिरणं हा शब्द आमच्याकडं रिकामटेकड्या पोरांसाठी वापरतात.

आता तासाकडं येतो.

पांदणीला लागून आमचं पाच एकराचं वावर आहे. पांदणीच्या अंगाला त्याची लांबी पाचशे फूट भरते. माझा बाप नांगरणीच्या वेळी दरसाल धुऱ्याच्या बाहेर एक तास जास्त मारायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "पांदण काय कुणाच्या बापाची हाय का?" गंमत अशी की हेच वाक्य तो दुसऱ्या कारणासाठीही वापरायचा. वरच्या अंगाच्या एका कास्तकारानं पांदणीत काट्या टाकून गाडी अडवली, तेव्हा बाप कुऱ्हाड घेऊन गेला आणि तिथंही हेच ओरडला, "पांदण काय तुह्या बापाची हाय का?" पांदण कुणाच्याच बापाची नाही म्हणून तिच्यावरून जायचा हक्क सगळ्यांना, आणि कुणाच्याच बापाची नाही म्हणून ती नांगरायचीही मोकळीक. बापाला यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. बाप गेल्यावर नांगर माझ्या हातात आला आणि तास मीही मारत राहिलो.

दरसालचा सगळा तास काही पदरात पडत नाही. गाडीची चाकं त्यातला थोडा परत दाबतात, पावसानं माती ढासळते. तरी बापाची वीस आणि माझी वीस अशा चाळीस वर्षांत साडेचार फूट पांदण आमच्या वावरात आली. पाचशे फूट लांबीला साडेचार फूट म्हणजे दोन गुंठे. दोन गुंठ्यांत सोयाबीन चांगलं आलं तर चाळीस किलो होतं. एका कट्ट्याहूनही कमी. एवढ्यासाठी.

पलीकडच्या बाजूला अण्णांचं रान. अण्णा आमच्या भावकीतले, माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठे. पांदण अरुंद झाली, त्यांची उसाची टायरगाडी निघेना. त्यांनी तहसीलला अर्ज केला. मामलेदार न्यायालयाचा १९०६ चा कायदा आहे, इंग्रजांच्या वेळचा, त्याच्या कलम पाचनं अडवलेला शेतरस्ता मोकळा करून मिळतो. आमचा भाग तेव्हा निजामाकडं होता, पण आता तोच कायदा आमच्याकडंही चालतो. धुऱ्यावरून नवीन वाट मागायची तर महसूल संहितेचं कलम १४३. जुनी वाट कुणी अडवली तर कलम पाच. अण्णांचं प्रकरण पाचचं होतं.

त्या निमित्तानं मी गावाचा नकाशा पहिल्यांदा नीट बघितला. नकाशावर गाडीवाट दोन तुटक रेघांनी दाखवतात आणि पाऊलवाट एका तुटक रेघेनं. सरकारी कागदात गावच्या गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायवाटेची सव्वाआठ फूट धरलेली आहे. आमच्या पांदणीला गंगेपर्यंत दोन रेघा होत्या. म्हणजे कमीत कमी साडेसोळा फूट. जाग्यावर उरली होती ती एका बैलगाडीला जेमतेम पुरणारी, सात-आठ फुटांची. कागदावरची गाडीवाट आम्ही दोघा बाजूंनी खाऊन पायवाट करून ठेवली होती.

साहेब पंचनाम्याला आले. मला विचारलं, "वाट पूर्वी किती रुंद होती?"

मी म्हणालो, "माझ्या समजेपासून एवढीच आहे, साहेब."

ते लिहून घेतलं गेलं आणि मी खाली सही केली. आमच्या घरी जेवून-खाऊन असलेल्या एका म्हाताऱ्यानंही तसंच सांगितलं.

या कायद्यात एक गोष्ट आहे. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. भिंत घातली, चर खोदला, काट्या टाकल्या तर तारीख सांगता येते. माझी तारीख कोणती? मी वाट एका दिवसात अडवलीच नव्हती. दरसाल एक तास. कोणत्या तासाला वाट बंद झाली हे मलाच सांगता आलं नसतं. अण्णांनाही सांगता आलं नाही. प्रकरण तिथंच बसलं. मी त्या दिवशी गंगाखेडला हॉटेलात दोघा-तिघांना भजे खाऊ घातले.

हे सगळं मी आज पहिल्यांदा लिहितोय. तोंडी तर कुणालाच सांगितलं नव्हतं.

२०११ च्या आषाढात माय पडली. म्हसोबाकडून परत येत होती. पाऊस झालेला, आणि आमची काळी म्हणजे कापसाची भारी जमीन, तिच्यात एकदा पाणी मुरलं की पाय निघत नाही. चाकोऱ्या पाण्यानं भरलेल्या. बाजूनं चालायला पूर्वी जागा होती, गवताचा पट्टा होता. तो पट्टा आता माझ्या तुरीत होता. म्हणून माय आमच्याच धुऱ्यावर चढली, धुरा नुसत्या नांगरटीच्या ढेकळांचा, पाय सटकला आणि ती चाकोरीत कोसळली. खुब्याचं हाड मोडलं.

बाजेवर घालून आणायचं ठरलं. बाज उचलायला चार माणसं लागतात, दोन या अंगाला, दोन त्या अंगाला. चौघं आणि मधे बाज, एवढी रुंदीच नव्हती. एका अंगाचे दोघं चाकोरीत गुडघाभर चिखलात आणि दुसऱ्या अंगाचे माझ्या तुरीतून, झाडं मोडत. पुढचा एक पाय अण्णांनी धरला होता. सात वर्षं आमचं बोलणं बंद होतं. निरोप कुणी दिला माहीत नाही, पण ते आले आणि एक शब्द न बोलता बाज धरली. माझ्या वावराच्या कोपऱ्यावर थांबावं लागलं. तिथं पांदण सगळ्यात अरुंद. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. तेव्हाही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परभणीला ऑपरेशन झालं. माय पुढं सहा वर्षं जगली, पण अंगणापलीकडं गेली नाही. चार पायांची काठी घेऊन तुळशीपर्यंत. संध्याकाळ झाली की दारात बसून विचारायची, "पांदीला पाणी हाय का रं?" मी म्हणायचो हाय किंवा न्हाई. मला दोष दिला नाही तिनं. तिला धुऱ्याचं माहीत होतं की नाही, हेही मला सांगता येत नाही. नवऱ्याच्या मागं चालत तिनं चाळीस वर्षं पेरणी केली, तिला माहीत नसेल असं कसं म्हणू?

नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. रोजगार हमीतून आधीही पांदणी होत होत्या, पण तिथं साठ टक्के मजुरी आणि चाळीस टक्के साहित्य असं प्रमाण सांभाळावं लागतं. काळ्या जमिनीत ते जमत नाही. इथं मजूर थोडे आणि दगड-मुरूम जास्त लागतो, नाही तर केलेला रस्ता पहिल्याच मृगात खाली बसतो. या योजनेत रोजगार हमीला राज्याच्या पैशाची जोड मिळाली, म्हणून आमच्यासारख्या गावांची सोय झाली. आमच्या गावाचा नंबर वर्षभरानं लागला. या रस्त्याला भूसंपादन नसतं, मावेजा नसतो. दोन्ही बाजूच्या लोकांनी राजीखुशीनं जागा मोकळी करायची.

मी साडेचार फूट सोडले. पहिला मीच. माझं बघून बाकीच्यांनीही सोडलं. काहींनी कुरकुर करत, एकानं तर जेसीबीपुढं आडवं होऊन मग. मुरूम पडला, रोलर फिरला, बारा फुटांची पांदण झाली. आणि येत्या १५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झाल्यावर माझा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. रस्त्यासाठी स्वतःची जमीन देणारे दानशूर शेतकरी, असं माईकवर पुकारलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

ती शाल कपाटात आहे. मी अंगावर घेतली नाही.

तर असा माणूस ग्रामसभेत उठून म्हणाला की फिरायला पैसे कशाला. बायकोच्या त्या एका प्रश्नानं हे सगळं वर आलं आणि चार-आठ दिवस मला दुसरं सुचेना.

माझा एक भाचा कंपनीच्या कामानं इंग्लंडात आहे. तो सुटीच्या दिवशी चालायला जातो आणि मला फोटो पाठवतो. एका फोटोत उभ्या गव्हातून सरळ एक वाट गेलेली, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी. मी फोन केला. "कुणाच्या गव्हातून चाललास रे? मालक मारंल की." तो म्हणाला, "मामा, ही सगळ्यांची वाट आहे. मालकानं नांगरली तरी पेरणीची गडबड उरकून चौदा दिवसांत परत होती तशी करून द्यावी लागते. कायदाच आहे." मी पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? "मग मावेजा किती भेटतो त्याला?" तो हसला. म्हणाला, "इथं वाट शेतापेक्षा जुनी धरतात. शेत घेताना वाटेसकटच घेतलेलं असतं."

नंतर त्यानं मला तिथली हकिगत सांगितली. तिथंही हे फुकट मिळालेलं नाही. १९३२ साली मँचेस्टरच्या बाजूला किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर गिरण्यांतली, कारखान्यांतली तरुण पोरं मुद्दाम घुसली. डोंगर जमीनदारांचा, शिकारीसाठी राखलेला. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगात टाकलं. पुढं १९४९ ला कायदा झाला आणि गावोगावच्या पायवाटा नकाशावर पक्क्या केल्या. ही माणसं आठवडाभर कापडाच्या धुरळ्यात काम करायची आणि एक रविवार मोकळ्या हवेत चालायला मागत होती. पोटाची चरबी उतरवायला नव्हे. मला माझं ग्रामसभेतलं वाक्य आठवलं.

आमच्याकडं चालण्याला कारण लागतं. देवाचं चाललं तर सगळे पाया पडतात. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांच्या हस्ते झाली, त्यात मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वारकऱ्यांसाठी वेगळी चालायची पट्टी धरलेली आहे. देवानं पाय दिलेत, चाला की, असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही. वारकऱ्याला सडकेवर ट्रकनं उडवू नये, त्याला सावलीनं जाता यावं, यासाठी सरकारनं पैसा घालावा हे मला बरोबरच वाटतं. मग डॉक्टरनं साखर सांगितली की माणूस चालतो. परभणीत कृषी विद्यापीठाच्या आवारात सकाळी बघा, पांढरे बूट घालून किती माणसं चालत असतात. त्यालाही कुणी नावं ठेवत नाही. देव, दुखणं आणि काम, ही तीन कारणं आपल्याला चालतात. चौथं, म्हणजे नुसतं बरं वाटतं म्हणून, हे चालत नाही. त्यातून बाई असली तर नाहीच. तिला खुरपं लागतं.

मला वाटतं, सरकारच्या पैशाचा इथं खरा उपयोग आहे. खडी-मुरूम हा भाग झालाच. पण सगळ्यांच्या पैशानं एखादी वाट बांधली, तिच्या कडेला ओटा घातला, की तिथं बसलेल्या बाईला 'कामून बसलीस' असं विचारायची सोय राहत नाही. ओटा बसण्यासाठीच आहे. हा हिशेब कोणत्या अंदाजपत्रकात येत नाही, तरी तो मला खडीच्या दुसऱ्या थरापेक्षा कमी वाटत नाही. कमी नाही म्हणतोय, जास्त म्हणत नाही. ज्याचा सोयाबीनचा कट्टा भिजलाय त्याला मी ओट्याचं कौतुक सांगायला जाणार नाही. आधी गाडी निघाली पाहिजे. पण गाडी निघाली म्हणजे माणसाची वाट झाली असं नाही, हे या दोन-तीन वर्षांत आम्ही बघतोय. बारा फूट सगळा मुरूम चाकांसाठी. मोटारसायकली सुसाट जातात. ट्रॅक्टर आला की निंदून परतणाऱ्या बाया डोक्यावरच्या भाऱ्यासकट नालीत उतरतात. बोराटी, हिवर जेसीबीनं काढले. म्हसोबाचा लिंब तेवढा देवाच्या भीतीनं राहिला. आज माय असती आणि खुबा धड असता, तरी या पांदणीनं ती गेली असती का, मला शंका आहे.

शहरातून येणाऱ्यांबद्दलही माझं मन सगळं साफ झालेलं नाही. रविवारी येतात, पाण्याच्या बाटल्या टाकून जातात, हरभऱ्याचा डहाळा न विचारता उपटतात. विचारलं असतं तर आम्ही गाठोडं बांधून दिलं असतं. गावातल्या दोघांनी तर नाक्यावर दोरी बांधून माणशी दहा रुपये घ्यायचं काढलं होतं. मी ते मोडलं. सगळ्यांच्या पैशानं झालेल्या वाटेवर दोरी बांधणं आणि दरसाल एक तास मारणं यात मला फरक दिसेना. पण दोरी दिसते तरी. तास दिसत नाही.

आणि पैशानं जे होत नाही तेही सांगायला पाहिजे. मे २०२५ मध्ये सरकारनं निर्णय काढला की शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात व्हावी. फार चांगलं झालं. नोंद झाली तर पुढच्या पिढीला माझ्यासारखं 'माझ्या समजेपासून एवढीच' म्हणता येणार नाही. तरी धुऱ्यावर नांगर घालणारा हात सरकारचा नसतो. आमच्या पांदणीवर सरकारचा जो पैसा लागला, त्यातला बराचसा आम्हीच चाळीस-पन्नास वर्षांत खाल्लेली वाट परत वाटेसारखी करण्यात गेला. आम्ही ती खाल्ली नसती तर तेवढ्या पैशात पट्टीही झाली असती, झाडंही जगली असती, आणि ग्रामसभेत खडी मोठी की ओटा मोठा, असं भांडण लागलं नसतं.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत तोच विषय परत घ्या, असं मी सरपंचाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "आबा, तुम्हीच पाडला की." मी म्हणालो, "मीच उचलतो." पांदणीच्या माझ्या अंगानं आणखी चार फूट मी लिहून द्यायला तयार आहे, चालायच्या पट्टीला. हे चार फूट मात्र माझे आहेत. सातबाऱ्यावरचे, मोजणीत बसणारे. मोजणीची फी भरून पावती घेतली आहे.

त्याआधी एक काम राहिलं होतं. मी अण्णांकडं गेलो. आता ते ऐंशीच्या पुढं आहेत, डोळ्यांना कमी दिसतं, ओसरीवर बाजेवर बसून असतात. पंचनाम्यात मी काय बोललो ते त्यांना सांगितलं. त्यांना माहीतच होतं, पण माझ्या तोंडून ऐकायचं होतं त्यांना, असं दिसलं. मग म्हणालो, "अण्णा, मी हे सगळं लिहून काढणार हाय. पुस्तकात येईल. चालंल का?"

अण्णांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. थोडा वेळ गेला.

"लिही," म्हणाले. "पण माह्या बाजूनं मी बी मारलेत. ऊस अडकायच्या आधी धा-बारा साल. तेबी लिही."

मग त्यांनी नातीला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.